मासे नसलेला डोह

धारवाडातल्या आमच्या मळमड्डीच्या घरात ओल्या दगडावरच्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला शेवाळ म्हटलेलं आईला खपत नसे. ती मुलींच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. "शेवाळाला पान नसतं. ह्याला देठ आहे, पान आहे. भिंग घे आणि बघ." समोर पाहुणा असो की दूधवाला, त्याच्या हातात भिंग यायचं. तिच्या लेखी ते मॉस होतं, आणि धारवाडपासून अळणावरच्या जंगलापर्यंत ओढ्याकाठी कोणकोणती मॉस उगवतात याची नोंद ठेवणं हे तिनं आपणहून अंगावर घेतलेलं काम होतं. घर तीन खोल्यांचं, एका रांगेतलं. मागे परसू, परसात सिमेंटचा हौद. स्टेशन जवळ होतं, त्यामुळे गाड्यांच्या शिट्ट्यांवर आमची वेळ चाले. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येई आणि येण्याआधी नळ खाकरल्यासारखा आवाज करी. तो ऐकला की हातातलं टाकून सगळे परसात पळत. आईचे नमुने जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत माझ्या गादीखाली वाळत असत. मी अनेक वर्षं ओल्या मातीच्या वासावर झोपले. तो वास मला वाईट वाटत नसे, चांगलाही वाटत नसे. तो घराचा वास होता.

मॉसच्या मागोमाग घरात शिगड्या आल्या. गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंबीला आमच्याकडे कन्नडातलाच शब्द, शिगडी. त्या मॉसच्या जुड्यांत लपून राहतात, त्यामुळे मॉस उचललं की हातात येतात. आई गल्लीतल्या डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणी, उकळून घेई आणि त्यांत स्पिरिटमध्ये एकेक शिगडी ठेवी. कपाटाचा एक कप्पा या बाटल्यांचा होता. खालच्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या होत्या.

"आपलं घर शाकाहारी आहे, हे त्या कपाटाला कुणीतरी सांगा," अप्पा म्हणत.

"खात नाहीये मी. बघतेय नुसती."

"मेलेल्याला त्यानं काय फरक पडतोय?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, ट्रेझरीत कारकून होते. त्यांच्या हातून जाणूनबुजून मुंगीही मेली नसेल. हे वाक्य सैलपणे लिहिण्याची सवय लोकांना असते. मी तपासून लिहिते आहे. तांदळात किडे झाले तर ते ताट परसात नेऊन उन्हात ठेवत आणि शेवटचा किडा आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत ताटाशी बसत. त्या दिवशी जेवायला उशीर होई आणि आई शेंगाची चटणी-भाकरी आमच्यापुढे ठेवून मोकळी होई. यावरून त्यांची भांडणं झाल्याचं मला आठवत नाही. आई बाटल्या भरत राहिली, अप्पा किडे सोडत राहिले.

ज्या ओढ्याची ही हकिकत आहे त्याला जवळच्या वाडीतले लोक कप्पेहळ्ळ म्हणत. कप्पे म्हणजे बेडूक, हळ्ळ म्हणजे ओढा. धारवाडहून सकाळच्या पॅसेंजरनं अळणावर, तिथून जंगलातून दीडएक तासाची चाल. रविवारी आई आणि मी निघत असू. आई पायात कॅनव्हासचे बूट घाली, साडीचा काठ वर खोचून घेई. बरोबर पांढरी इनॅमलची ताटली, पिठाची चाळणी, भिंग आणि फडक्यात बांधलेला दहीभात. ओढा एका ठिकाणी दोन पुरुष उंचीच्या काळ्या कड्यावरून खाली पडे. कड्याखाली मासे होते, खेकडे होते. कडा चढून गेलं की वर एक डोह लागे. तो झऱ्याच्या पाण्याचा, उन्हाळ्यातही गुडघाभर राहणारा, सावलीतला. त्या डोहात एकही मासा नव्हता. "माशांना हा कडा चढता येत नाही," आई सांगे. "म्हणून इथं ह्यांचं राज्य." मॉसची जुडी ताटलीत हलवली की ताटली क्षणभर रिकामी दिसे. मग पाणी थरथरल्यासारखं होई, आणि दिसे की ताटलीभर शिगड्या आहेत, नखाएवढ्या, काचेसारख्या, आतली काळी नस तेवढी ठळक. दिवसभर त्या मॉसच्या पानांवरचा मळ चाळत बसत. त्यामुळे त्या डोहातलं मॉस धुतल्यासारखं स्वच्छ असे.

आईचा एक नियम होता: जे ज्या डोहातलं, ते त्याच डोहात परत. ताटलीतलं पाणीसुद्धा ती चार पावलं मागे जाऊन, जिथून घेतलं तिथंच ओतायची.

वरच्या डोहातल्या माद्यांच्या पोटाखालची अंडी थोडी आणि मोठी होती. खालच्या ओढ्यातल्या शिगड्यांची पुष्कळ आणि बारीक. हा फरक आईला तिसऱ्या वर्षी दिसला. तिनं दूरच्या शहरातल्या एका संशोधकांना चार बाटल्या पाठवल्या. त्यांचं उत्तर यायला पाऊसकाळ गेला. ही निराळी जात असू शकते, पण नमुन्यांचे रंग उडाले आहेत, पाय तुटले आहेत. अंडी फुटून पिल्लं कशी निघतात ते पाहून कळवा, आणि ताजे नमुने पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. आईनं ते पत्र ताकाच्या भांड्याशेजारी उभं राहून वाचलं आणि रवी फिरवायची विसरली. त्या आठवड्यात परसातल्या जुन्या दगडी डोणीत कप्पेहळ्ळाचं पाणी, मॉस आणि शिगड्या आल्या. आई रोज शाळेतून आली की हातपाय धुण्याआधी डोणीवर वाकून बसे. पिल्लं अळीच्या रूपात निघत नाहीत, निघतात तीच आईबापांसारखी, हे तिनं दोनदा पाहिलं आणि वहीत लिहिलं. ती वही हे लिहिताना माझ्यासमोर आहे. अक्षर एरवी सरळ, त्या पानावर किंचित उजवीकडे कललेलं.

हौदातले मासे कुठून आले तेही सांगायला हवं. मलेरियाच्या कामावर रोजंदारीनं असलेला बसवराज दर महिन्याला गल्लीत येई. तो आईच्या शाळेच्या बाजूलाच राहणारा, तिला अक्कावरु म्हणे. शिक्षिकेला इकडे असंच म्हणतात. एकदा त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून गप्पी मासे आणले आणि हौदात सोडले.

"अक्कावरु, हे डासांची अळी खातात. औषधाची गरज नाही. पुढं अळणावरकडच्या खेड्यांतपण सोडायचेत म्हणतात."

"डोणीत सोडू नको हं, बसवराज. तिथं माझं काम आहे."

"तुमच्या हुळाला कोण हात लावतंय!" हुळ म्हणजे किडा. तो हसला, अप्पांकडून ताक पिऊन गेला.

त्यानंतरच्या मे महिन्यात आई दहावीचे पेपर तपासायला बेंगळूरला गेली. मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. नळाला बारा दिवस पाणी आलं नाही. हौद तळाला गेला. प्यायचं पाणी अप्पा सायकलला दोन कळशा अडकवून आणत होते. डोणीत तीन शिगड्या मरून लाल झालेल्या दिसल्या. हौदाच्या तळाशी चार बोटं पाणी होतं आणि त्यात गप्पी एकमेकांवर चढत होते.

"तुझ्या आईच्या शिगड्या परत नेऊन सोडू," अप्पा म्हणाले. "तिचा नियमच आहे की, जिथल्या तिथं."

"आणि हे?"

अप्पांनी हौदात पाहिलं. "उद्या हौद घासायचाय. घासला की हे मरणार. जातोच आहोत, तर एवढे जीव कशाला मारायचे? तिथं पाणी बघतील बिचारे."

मी ते गाळणीनं उचलले. रॉकेलचा नव्हे, दुधाचा जुना ॲल्युमिनियमचा डबा होता. शिगड्या आणि गप्पी एकाच डब्यात, वर ओलं फडकं. पॅसेंजरमध्ये अप्पांनी तो मांडीवर धरला, हिसका बसू नये म्हणून. कड्यापाशी मी आधी वर चढले, मग त्यांनी अर्ध्यावर येऊन डबा वर दिला. ज्या दगडाजवळून आईनं शिगड्या घेतल्या होत्या नेमक्या तिथंच मी डबा तिरका केला. नियम मी तंतोतंत पाळला. मासे बाहेर पडताना क्षणभर थबकले, मग उन्हाच्या पट्ट्यात गेले. त्यांच्या शेपट्यांवर केशरी ठिपके होते. अप्पांनी हात जोडले. परतीच्या वाटेवर ते जितके बोलले तितके एरवी महिन्यात बोलत नसत. त्यांच्या मनाला बरं वाटलं होतं. मलाही.

आई परतल्यावर तिला सांगितलं, की शिगड्या नेऊन सोडल्या. ती म्हणाली, "बरं केलंत." माशांचं सांगितलं नाही. लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलं आहे असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर आईला कावीळ झाली. सगळा हिवाळा ती मुळ्याचा रस आणि मऊ भातावर होती. पुढच्या वर्षी शाळेत अडचणी निघाल्या. आई आणि मी पुन्हा कप्पेहळ्ळावर गेलो तेव्हा जवळजवळ दोन वर्षं गेली होती. मी पदवी घेऊन हुबळीतल्या एका दैनिकात शिकाऊ म्हणून लागले होते. संशोधकांचं स्मरणपत्र आलं होतं: लेख छापायला द्यायचा आहे, अंडी असलेल्या पाच-सहा माद्या पाठवा.

आईला आधी मॉस खटकलं. त्यावर तपकिरी मळाचा थर बसला होता. तिनं जुडी बोटांत चोळली, वास घेतला, ताटलीत हलवली. पाणी गढूळ झालं आणि स्थिर झालं. दुसरी जुडी. तिसरी. काठाकाठानं ती सगळा डोह फिरली. तासाभरानं एका कपारीतून एकच शिगडी निघाली, म्हातारा नर, मिशी तुटलेला. मग आईनं चाळणी मध्यावर बुडवून वर काढली, आणि ताटलीत केशरी ठिपक्यांची शेपटी हलली.

"गप्पी," ती म्हणाली. तिनं ताटली जवळ घेऊन भिंगातून पाहिली. मग म्हणाली, "पिल्लं खातात हे. मोठ्यांना काही करत नाहीत. नवीन पिढी तेवढी होऊ देत नाहीत." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही शिगड्या सोडायला आलात, तेव्हा इथं मासे दिसले होते?"

"नाही," मी म्हटलं.

उत्तर खरं होतं. आम्ही आलो तेव्हा तिथं मासे नव्हते. पुढे अनेक वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्याचं काम केलं. प्रत्येक शब्द खरा आणि बातमी खोटी, असा मजकूर मला लांबून ओळखू येई. माझ्या हाताखालच्यांना वाटायचं की हे मला नोकरीनं शिकवलं.

संध्याकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा मी अप्पांना परसात गाठलं आणि काय झालं ते सांगितलं. ते हौदाच्या काठावर बसून होते.

"आपण जीव वाचवले," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "वाचवलेच ना?"

"शिगड्या संपल्या, अप्पा."

"मी सांगतो तिला. बघून सांगतो. आज नको."

दोन दिवस ते सांगायच्या बेतात राहिले. भाजी आणायला गेले की वेळ लावत. तिसऱ्या दिवशी आईनं मला कागद घेऊन बसवलं. माझं इंग्रजी आणि अक्षर तेव्हा बरं समजलं जाई. घरातली सगळी पत्रं मीच लिहायची. हे आरोग्य खात्याच्या वरिष्ठांना होतं. आई फेऱ्या घालत मराठीत सांगत होती, मी इंग्रजीत उतरवत होते. नैसर्गिक झऱ्यांत विचार न करता मासे सोडले जात आहेत. एका दुर्मीळ प्राण्याचा वंश त्यामुळे संपला आहे. अळणावर भागात मासे सोडण्याचा बेत असल्याचं आपल्याच कर्मचाऱ्यानं माझ्यासमक्ष सांगितलं आहे. "त्याचं नाव लिही. बसवराज. मळमड्डी वॉर्ड. चौकशी व्हावी म्हणावं."

बसवराज आदल्याच महिन्यात पेढे देऊन गेला होता. रोजंदारीवरच्यांना कायम करण्याच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, हुकूम निघायचा होता.

"पाणी पिऊन येते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. अप्पा तिथं पाटावर बसून तांदूळ निवडत होते. सगळं त्यांच्या कानावर पडत होतं.

"अप्पा, बसवराजचं नाव जातंय त्यात."

"ऐकलं." ते अगदी हळू बोलत होते. "सरकारी कचेरीत पत्रांचं काय होतं ते मी तीस वर्षं बघतोय. फायलीला लागेल. कुणी वाचत नाही. जाऊ दे ते."

"आणि कुणी वाचलं तर?"

त्यांनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. 

मी परत येऊन बसले. पत्रात ती जागा कोरी होती. आई थांबली होती. "लिहिलंस?"

"हे बसवराजनं केलं नाही, आई."

"तुला काय माहीत?"

"आम्ही केलं. अप्पांनी आणि मी. हौदातले मासे त्याच डब्यातून नेले होते."

आईनं खुर्ची ओढली. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं प्रश्न विचारले, तोंडी परीक्षेत विचारावेत तसे. किती मासे होते? दहा-बारा. फुगलेल्या पोटाचे होते का? बघितलं नाही. डोहाच्या कोणत्या बाजूला? पूर्वेच्या दगडाजवळ. त्यानंतर कुणी तिथं गेलं? नाही. "एक मादी पुरते," ती म्हणाली. "ह्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. महिन्या-महिन्याला." मग तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

मी पत्र फाडायला घेतलं.

"फाडू नको. मागची बाजू कोरी आहे." तिनं कागद उलटा केला. "संशोधकांना लिही. नमुने पाठवता येत नाहीत. वरच्या डोहातली वस्ती संपली. कारण, बाहेरचे मासे. ते माझ्या घरातून गेले." ती थांबली. "माझ्या घरातून असंच लिही. तुमची नावं नकोत."

मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, लेकीनं सांगितलं हो. तुम्ही नाही सांगितलंत."

आतून ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवशी आम्ही तिघंही एकाच वेळी जेवलो. भात, कटाची आमटी, वांग्याची भाजी. मला चव आठवत नाही, पदार्थ आठवतात. बसवराजला हुकूम मिळाला. तो पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे ताक प्यायला येत असे आणि त्याला यातलं काही कळलं नाही. संशोधकांचा लेख छापून आला. त्यात खालच्या ओढ्यातल्या शिगडीचं वर्णन होतं. वरच्या डोहातल्या शिगडीबद्दल तळटिपेत दोन ओळी होत्या: नमुने अपुरे, वस्ती नष्ट झाल्याचे कळते. तिला नाव मिळालं नाही. मिळालं असतं तर ती वाचली असती असं नाही. पण नाव नसलेल्या गोष्टीची बातमीही करता येत नाही, हे मी नंतर शिकले.

आम्ही त्या डोहातून गप्पी काढून टाकण्याचा प्रयत्न केला. तीन उन्हाळे, जवळजवळ प्रत्येक रविवारी. दर खेपेला वाटे की आता संपले, आणि पुढच्या खेपेला उथळ पाण्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं दिसत. ते संपले नाहीत. आजही तिथं आहेत. मी मागच्या वर्षी जाऊन पाहून आले. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना कुणी उगाच आशा धरू नये.

पहिल्या रविवारी अप्पा आमच्याआधी तयार होते. मच्छरदाणीचं कापड तारेच्या कड्यावर शिवून त्यांनी जाळी केली होती. शनिवारभर परसात बसून शिवत होते.  डोहाशी पोचल्यावर आईनं पदर खोचला आणि जाळीसाठी हात पुढे केला. अप्पांनी दिली नाही.

"तू नको," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तूही नको. तिकडं सावलीत बस."

धोतर वर घेऊन ते गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांना सवय नव्हती, दोनदा तोल गेला. उथळ कडेला जाळी टेकवून बराच वेळ वाकून उभे राहिले, मग एकदम उचलली. आत दहा-पंधरा मासे उसळत होते. ते जाळी घेऊन काठावरच्या उन्हानं तापलेल्या खडकापाशी आले आणि तिथं थांबले.

"डब्यात घालून घरी नेता येतील," ते आईला म्हणाले. "हौदात."

"हौद केवढा आहे आपला?" आई म्हणाली. "आणि पुढच्या रविवारचे? आणि त्याच्या पुढच्या?"

"दुसरं काही?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. जाळी खडकावर उलटी केली आणि बाजूला उकिडवे बसले. मला वाटलं ते तोंड फिरवतील किंवा डोळे मिटून काही पुटपुटतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. शेवटचा मासा हलायचा थांबेपर्यंत ते त्यांच्याकडे पाहत राहिले. मग उठले आणि जाळी घेऊन परत पाण्यात उतरले.